घाम मुंबईत, घर वांगणीत? : एका लिनोकटाच्या नोंदी

११ मे २०२५

काम ठरलं. गिरणी कामगारांच्या घरांच्या प्रश्नावर लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून घेतलेले छाप, करायचे, आणि ते लालबाग-परळच्या माणसांच्या हातात जायला हवेत. गॅलरीत फ्रेम लावून टांगायला नकोत. म्हणून प्रत स्वस्त हवी, ती भरपूर छापता यायला हवी आणि मजकूर रस्त्याच्या पलीकडून वाचता यायला हवा. पुढचे सगळे निर्णय या तीन अटींवर घासून घेणार आहे.

लिनोच का, तर त्याला प्रेस लागत नाही. चाकू, रोलर, शाई आणि स्टीलचा चमचा एवढ्यावर भागतं. चित्रकार चित्तप्रसाद १९४६ साली मुंबईत आले आणि पुढे अंधेरीत राहून वर्षानुवर्षं लिनोवर काम करत राहिले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावरचं त्यांचं चित्रांचं पुस्तक इंग्रज सरकारनं जप्त करून जाळलं होतं. कागदावरचं चित्र सरकारला एवढं खुपतं, कारण ते एका भिंतीवर अडकून राहत नाही.

सामान आणलं. ए-थ्री मापाचा लिनो साधारण चारशे रुपयांना पडला. घेताना कोपरा हलका वाकवून बघा. तडे गेले किंवा भुगा पडला तर तो जुना वाळलेला माल आहे, घेऊ नका. व्ही आणि यू पात्यांची कोरणी माझ्याकडे होती. काळी ऑफसेटची शाई किलोच्या डब्यात आली, सहाशेच्या आसपास. चित्रकलेच्या दुकानातली छोटी ट्यूब सुंदर असते, पण शेकड्यांनी प्रती काढायच्या तर परवडत नाही.

१८ मे

पहिला ब्लॉक कापला: गिरणीची चिमणी, मागे काचेचे टॉवर. लिनो चाळीच्या गॅलरीत उन्हात ठेवला की लोण्यासारखा कापला जातो, त्यामुळे काम भराभर झालं. प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, काढलं, दिसायलाही छान आलं.

आणि बाजूला ठेवलं. हे चित्र सगळ्यांनी आधीच पाहिलंय. चिमणी आणि टॉवर बघून कुणाला राग येत नाही. जुन्या मुंबईची हळहळ तेवढी वाटते, आणि ती टॉवरच्या जाहिरातीलाही चालते. कामगार आज मागतोय ते घर, ते या चित्रात कुठेच नाही.

२५ मे

दुसरा प्रयत्न जमिनीच्या हिशोबाचा. १९९१ च्या विकास नियमावलीतल्या ५८ व्या नियमाप्रमाणे गिरणीची जमीन विकसित करताना ढोबळमानानं एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकाला, अशी वाटणी होती. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची होऊ लागली. जिथे शेड उभ्या होत्या ती जागा हिशोबातूनच गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा बदल कायम ठेवला. सुमारे ६०० एकर गिरणी जमिनीचा प्रश्न होता, आणि घरांसाठी म्हाडाच्या हातात आला तो त्यातला लहानसा तुकडा.

याचं चित्र म्हणून मी जमिनीचा चौकोन तीन भागांत कापला आणि त्यातले दोन भाग आक्रसत गेलेले दाखवले. प्रूफ चाळीत पाच-सहा जणांना दाखवलं. प्रत्येकाला समजावून सांगावं लागलं. जे चित्र दाखवताना सोबत बोलावं लागतं ते मोर्च्यात चालणार नाही, म्हणून हाही ब्लॉक बाद केला. नियमावलीची गोष्ट सांगायला पत्रक आहे, भाषण आहे. लिनोला एकच वस्तू लागते, डोळ्यांनी पकडता येईल अशी.

१ जून

ती वस्तू आज सापडली.

वरच्या मजल्यावरचे आबा गिरणीत त्रासन खात्यात, सूतकताईच्या कामाला होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा ऐन तिशीत. त्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. कायद्यानं वाटाघाटीचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला होता, त्यामुळे संपाचे पुढारी दत्ता सामंत यांच्या मागे सगळं गिरणगाव उभं असूनही त्यांच्याशी बोलणी करायला कुणी बांधील नव्हतं. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही.

आबांना चिमणीचं प्रूफ दाखवलं. ते काही बोलले नाहीत. आत गेले आणि एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. गाठ मारलेली, वरून रबर. आत गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबराचा कागद, भविष्य निर्वाह निधीची पावती, रेशनकार्डाची झेरॉक्स, म्हाडाच्या अर्जाची पोच. कागद घडीवर फाटलेले, मागून चिकटपट्टी लावलेले.

म्हणाले, "काढायचं तर हे काढ गं. मोर्च्याला ये, सगळ्यांच्या काखेत हीच पिशवी दिसेल तुला."

दीड लाखांहून जास्त कामगारांनी आणि वारसांनी घरासाठी अर्ज केलेत. २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत सात हजारांच्या आतच घरं होती. उरलेले बहुतेक ही पिशवी सांभाळत बसलेत. कितीतरी जणांची आता मुलं सांभाळतायत.

८ जून

चित्र ठरलं: एक म्हातारा हात, मुठीत पिशवी, मागे लोकलच्या खिडकीचे गज. वर अक्षरं: घाम मुंबईत, घर वांगणीत? मुंबईबाहेर शेलू आणि वांगणी इथे कामगारांना घरं देण्याचा बेत आहे, म्हणून हा प्रश्न. परळला यायला तिथून लोकलनं सव्वा-दीड तास. ज्यांचा दवाखाना, नातवंडं आणि ओळखीची माणसं इथे आहेत त्या सत्तरीच्या माणसाला तिकडे पाठवायचं.

पिशवी कापणं हे या ब्लॉकचं खरं काम. प्लास्टिक पारदर्शक असतं आणि लिनोत काळा किंवा पांढरा एवढेच रंग. आधी मी आतले कागद पूर्ण रेखाटले आणि वर सुरकुत्या टाकल्या, तर पिशवी गोणपाटाची दिसायला लागली. मग उलट केलं. कागद पांढरे सोडले, म्हणजे तिथला लिनो काढून टाकला, आणि पिशवी फक्त गाठीपाशी आणि तळाच्या ताणलेल्या कोपऱ्यांत दाखवली. गाठीतून निघणाऱ्या सुरकुत्या सर्वांत बारीक व्ही पात्यानं, एका दमात, गाठीकडून बाहेर. पातं मध्ये थांबलं की रेघ जाड होते आणि प्लास्टिकचं कापड होतं. पातं कातड्याच्या पट्टीवर पॉलिशचा साबण लावून सारखं परजत राहा, आणि दुसरा हात कायम पात्याच्या मागे ठेवा.

चित्र लिनोवर उतरवायची सोपी रीत: ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीनं सरळ काढा, कागद उपडा घालून नखानं घासा. चित्र आपोआप उलटं उतरतं, म्हणजे छापल्यावर सुलट येतं. कापण्याआधी लिनोवर पातळ लाल शाईचा हात फिरवला की कापलेलं कुठे आणि राहिलेलं कुठे ते लगेच कळतं.

१२ जून

अक्षरांत वेळ गेला. देवनागरी उलटी कापताना शिरोरेघ आधाराला येते, ती आधी पूर्ण ठेवायची आणि अक्षरं तिला टांगायची. पण 'घ'ची शिरोरेघ डावीकडे जरा जरी तुटली तरी लांबून तो 'ध' वाचला जातो आणि 'घर'चं 'धर' होतं. पहिल्या कापणीत नेमका तिथेच टवका उडाला. भरून काढायला लाकडाचा भुसा आणि फेविकॉल वापरून पाहिलं, दोन छापांत निघून आलं. शेवटी तेवढा तुकडा चौकोनी कापून काढला आणि नवीन लिनोचा चौकोन बसवून परत कोरला. सांधा दिसतो, पण तो टिकलाय.

शेजारच्या मावशींना जिन्याच्या खालच्या टोकाला उभं करून वाचायला लावलं. 'वांगणीत' त्यांना लागेना, अनुस्वार शाईत बुडत होता. टिंब दुप्पट मोठं केलं आणि भोवतीची जागा मोकळी केली, तेव्हा वाचता आलं. चष्मा न लावता वाचणारं माणूस ही या कामातली खरी कसोटी. ती आर्ट कॉलेजच्या भिंतीवर होत नाही.

१५ जून

हातानं छपाई. नेपाळी कागदावर चमच्याच्या पाठीनं घासून काढलेली प्रत देखणी येते, काळा रंग मखमलीसारखा बसतो. पण एका प्रतीला दहाएक मिनिटं लागतात आणि कागदच महाग. त्यात पावसाळा सुरू झालाय. जाड थराची तेलाची शाई दोन-दोन दिवस सुकत नाही. दोरीवर लावलेल्या प्रती पंख्याच्या वाऱ्यानं एकमेकींना चिकटल्या. कोबाल्ट ड्रायरचे थेंब शाईत घातले तेव्हा थोडा फरक पडला. जास्त घातले तर रोलरवरच साय धरते, म्हणून जपून.

२८ जून

९ जुलैला आझाद मैदानावर गिरणी कामगारांचा मोर्चा आहे. मागण्या: घरं मुंबईतच द्या, आणि १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयातलं १७ वं कलम रद्द करा. देऊ केलेलं घर नाकारलं तर हक्कच जाईल, असा त्या कलमाचा धाक आहे. वांगणी नको म्हणणारा माणूस यादीतूनच बाहेर.

निदान पाचशे प्रती हव्यात. चमच्यानं पाचशे म्हणजे ऐंशी तासांच्या वर नुसतं घासणं. ते होणार नाही. यंत्र शोधायला लागले.

१ जुलै

परळच्या एका गल्लीतल्या छापखान्यात ट्रेडल, म्हणजे खिळे जुळवून छापायचं जुनं मशीन सापडलं. छापखान्याचे काका आता त्यावर बिलबुकांना नंबर टाकतात आणि लग्नपत्रिकांचं पंचिंग करतात. पण मशीनची छपाई चालू आहे, रोलर चांगले आहेत, आणि खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या, दोन केसी (खणांच्या पेट्या) अजून भरलेल्या आहेत. पाचशे छाप करून द्यायला तयार झाले. दर छापामागे रुपया, फर्मा बांधायचे, म्हणजे ब्लॉक चौकटीत आवळायचे, तीनशे.

ट्रेडलवर लिनो छापणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: ब्लॉकची उंची खिळ्याएवढी हवी, म्हणजे २३.३ मिलिमीटर. लिनो ३.२ चा, खाली १९ ची प्लाय, बेरीज २२.२. उरलेलं मिलिमीटरहून थोडं जास्त अंतर पुठ्ठ्याचं पॅकिंग घालून भरायचं. उंची कमी पडली तर रोलर ब्लॉकला लागतच नाहीत. जास्त झाली तर लिनोच्या कडा रोलर खरवडतात. मशीनचा तक्ता दहा बाय पंधरा इंचांचा असल्यानं माझा ए-थ्री ब्लॉक मावेना. खालचा फलाटाचा पट्टा आणि बाजूच्या कडा करवतीनं कापून टाकल्या. चित्र सुधारलंच, हात मोठा वाटायला लागला.

३ जुलै

दोन गोष्टी फसल्या.

लिनो प्लायला फेविकॉलनं चिकटवला होता. पाण्याचा गोंद आणि जुलैची हवा, प्लाय एका बाजूनं पाणी पिऊन वाकली. मधे काळंभोर आणि कोपऱ्यांत काहीच नाही. लिनो हळूहळू सोडवून नव्या प्लायला रबरी सोल्यूशननं लावला, वजनाखाली रात्रभर ठेवला. अर्धा दिवस आणि प्लायचा तुकडा गेला.

दुसरी गोष्ट मोठी. माझ्या चित्रात पाठीमागे सगळा काळा होता. हातानं छापताना तो शोभायचा. ट्रेडलला एवढी काळी जागा एका दाबात झेपत नाही. छाप करडा, मीठ शिंपडल्यासारखा आला. शाई वाढवली तर पिशवीच्या बारीक रेघा भरून गेल्या. काकांनी पॅकिंग वाढवून पाहिलं, मशीन कण्हायला लागलं तेव्हा थांबले. म्हणाले, "ताई, हा काळा कमी करा. मशीन मोडेल, पण काळा येणार नाही."

रात्री बसून पाठीमागचा काळा आडव्या रेघांनी उघडला. खिडकीचे गज उभे आणि मागे धावत्या गाडीच्या आडव्या रेघा. दाब बसला, छाप काळा आला, आणि चित्राला गती आली. ट्रेडलवर जायचं असेल तर आधीच रेघेत विचार करा. अखंड काळा तळहाताएवढ्या जागेच्या पुढे नको.

५ जुलै

छापलं. ९० जीएसएम जाडीचा मॅपलिथो कागद, रीम हजार-बाराशेच्या घरात, दुकानातच कापून घेतला. ट्रेडलचा शाईचा थर पातळ असतो आणि मॅपलिथो शाई पितो, त्यामुळे पावसातही प्रतींची शाई दुसऱ्या दिवशी हाताला लागेनाशी झाली. मागच्या प्रतीला डाग पडू नये म्हणून दर पंचवीस प्रतींमागे वर्तमानपत्राचा कागद घातला आणि ढीग उंच होऊ दिला नाही.

प्रती एकसारख्या आलेल्या नाहीत. पहिल्या वीस-पंचवीस फिक्या, मधल्या उत्तम, शेवटी शेवटी 'घ'चा सांधा जरा उमटायला लागला. नंबर टाकले नाहीत, सही केली नाही. नंबर टाकला की ती संग्राहकाची वस्तू होते आणि माणूस ती घडी घालून खिशात ठेवायला कचरतो.

काकांनी तळाला आठ पॉइंटच्या खिळ्यांत छापखान्याचं नाव-गाव जुळवलं. मी नको म्हणत होते, त्यांना त्रास नको म्हणून. त्यांनी ऐकलं नाही. छापलेल्या कागदावर मुद्रकाचं नाव हवं हा १८६७ च्या कायद्यापासूनचा शिरस्ता, आणि बिननावाचा कागद आपण मशीनवर घेत नाही, असं म्हणाले. मला ते पटलं. मोर्च्यात वाटायच्या कागदामागे कोण उभं आहे ते दिसलं पाहिजे.

७ जुलै

काल आषाढी, छापखाना बंद. आज घरी प्रतींना वरच्या दोन कोपऱ्यांत भोकं पाडून सुतळी ओवली. चाळीतली पोरं मदतीला होती. गळ्यात अडकवायची सोय हवी, कारण मोर्च्याला येणाऱ्यांच्या एका हातात पिशवी असते आणि दुसऱ्यात काठी किंवा छत्री. भिंतींवर चिकटवायच्या नाहीत. मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्धचा १९९५ चा कायदा आहे, आणि दंड भरायला आमच्यामागे कुणी बॅनरवाला नेता नाही.

पावसाची काळजी म्हणून काही प्रतींना मेण चोळून पाहिलं. पाणी टिकत नाही हे खरं, पण शाई पुसट होते आणि कागद तेलकट. सोडून दिलं. पातळ पारदर्शक पिशवीत प्रत घालून गळ्यात अडकवणं हाच उपाय राहिला.

९ जुलै

आझाद मैदान. प्रती लगेच संपल्या. सुरुवातीला लोक घ्यायला तयार नव्हते, कुठल्या पक्षाचा आहे म्हणून विचारत होते. पक्षाचं चिन्ह नाही हे बघून हात पुढे आले. एका बाईंनी चित्रातली पिशवी आणि स्वतःची पिशवी शेजारी धरली आणि मला म्हणाल्या, "माझ्यात फोटो पण आहे यांचा, तो नाही काढलास." त्यांच्या नवऱ्याचं ओळखपत्र, गिरणीच्या शिक्क्यासकट. नवरा गेलेला, अर्ज त्यांच्या नावावर चालू.

काय कमी पडलं ते लिहून ठेवते. सुतळी टोचते, कापडी नाडी हवी. ९० चा कागद छातीवर वाकून अक्षरं दुमडतात, १५० चा घ्यायला हवा होता. आणि दहा बाय पंधराचं चित्र एका माणसाला पुरतं, गर्दीला नाही. मोर्च्याच्या पुढच्या रांगेसाठी चार ब्लॉक जोडून एक मोठा छाप करावा लागेल, तो कापडावर, हातानं, जमिनीवर ठेवून पायानं दाबून.

२० जुलै

खर्च. लिनो, बाद झालेले ब्लॉक धरून, बाराशे. शाई सहाशे. प्लाय, सोल्यूशन, पुठ्ठा पाचशे. कागद कापणीसकट सव्वा हजार. छपाई आणि फर्मा आठशे. सुतळी, पिशव्या दोनशे. म्हणजे साडेचार हजारांच्या आसपास, प्रतीला नऊ रुपये. पुढच्या पाचशे प्रती याच ब्लॉकवरून काढल्या तर प्रत साडेचार-पाचवर येईल, शाई उरलीच आहे. चाळीतून वर्गणी जमली त्यात निम्मं निघालं.

१० ऑगस्ट

पुढचा ब्लॉक हातात घेतलाय. मार्च २०२२ पासून आज, ऑगस्ट २०२५ पर्यंत, मुंबई महापालिकेत नगरसेवक नाहीत, प्रशासक कारभार बघतोय. २२७ प्रभागांच्या तक्रारी घेऊन जायचं कुणाकडे? सभागृहातल्या रिकाम्या खुर्च्या काढायला घेतल्या. लिनोच्या छोट्या तुकड्यावर एक खुर्ची कोरून तिचाच ठसा ओळीनं मारत गेले. सिनेमाचं थिएटर दिसायला लागलं. खुर्च्या कितीही वाढवल्या तरी तसंच.

आता एकच खुर्ची आहे, धूळ बसू नये म्हणून चादर घातलेली, आणि तिच्यासमोर रांग: पाण्याची कळशी घेतलेली बाई, गटाराचा फोटो मोबाइलवर धरलेला मुलगा, पिशवीवाला म्हातारा. चादरीच्या घड्या कापायला पिशवीच्या सुरकुत्यांचाच हात उपयोगी पडतोय. काळा आधीपासून रेघांत तोडलाय. 'ख' मोठा कापायचा आणि त्याची दोन अंगं एकमेकांना भिडवून ठेवायची, नाहीतर 'खुर्ची' लांबून 'रवुर्ची' वाचली जाते.

सर्वोच्च न्यायालयानं मे महिन्यात महापालिकेच्या निवडणुका चार महिन्यांत घ्यायला सांगितलंय. त्या जाहीर झाल्या की छोट्या छापखान्यांवर पत्रकांची झुंबड उडेल आणि काकांचा ट्रेडल मिळणार नाही. म्हणून गणपतीआधी ब्लॉक पूर्ण करून कागद त्यांच्याकडे टाकून ठेवायचा आहे. १५० चा घेतलाय, आणि कापडी नाडी सांगून ठेवलीय.